हाझे साहेबांचा जबाब

धूर विरळ झाला तेव्हा किनाऱ्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. खाडीच्या तोंडाशी उभं केलेलं जुनं गलबत शिडापासून नाळेपर्यंत पेटलं होतं. त्यावरून उड्या मारलेली गावातली माणसं, पोर्तुगीज खलाशांचे झगे आणि चिकटवलेल्या दाढ्या सांभाळत, पोहत पोहत होड्यांकडे येत होती. दिग्दर्शक टोबियास रेम वाळूत गुडघ्यांवर बसून हसत होता. असा शॉट पुन्हा मिळणार नाही, असं तो जर्मनमध्ये ज्याला त्याला सांगत सुटला होता.

फक्त हाझे टाळ्या वाजवत नव्हते. ते होडीत उभे होते, एका हातात लाल निशाण तसंच धरून. होडीत शेजारी बसलेल्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "फ्राउ दामले, ह्यांना एकेकाला नाव घेऊन हाक मारा."

मी हाका मारल्या. पाण्यातून, होडीच्या कडेवरून, हसत, खोकत उत्तरं येत गेली. निवृत्ती मेतर ह्या नावाला उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. पोहणाऱ्यांतला एक जण म्हणाला की तो पलीकडच्या बाजूने उतरला असेल. हाझेंनी होडी पलीकडे न्यायला लावली. तिकडे कोणी नव्हतं. जळक्या लाकडांचे तुकडे पाण्यावर तरंगत होते, एवढंच.

टाळ्या थांबायला मग फार वेळ लागला नाही.

मी तेव्हा पुण्यात जर्मन शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं आणि कॉलेजला सुट्टी होती. ह्या कंपनीला सिंधुदुर्गातल्या एका कोळीवाड्यात दोन महिने चित्रीकरण करायचं होतं आणि दुभाषी हवा होता, म्हणून मी आले. माझं खरं काम वेर्नर हाझे ह्यांच्याबरोबर होतं. ते चित्रपटाचे निर्मिती-व्यवस्थापक. म्हणजे काय, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. जेवण, जनरेटर, होड्या, घोडे, परवानग्या, आजारपणं, भांडणं, सगळं त्यांच्याकडे. युद्धानंतर बर्लिनच्या पडक्या स्टुडिओत दिव्यांच्या वायरी उचलण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. मग स्पेन, युगोस्लाव्हिया, मोरोक्को. चित्रपट वेळेत पुरा करून देणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. निर्माते म्हणे आधी त्यांच्या तारखा विचारत, मग दिग्दर्शक ठरवत. गावकरी त्यांना हासे साहेब म्हणायचे, आणि नाव हासे असून हा माणूस कधीच हसत नाही ह्यावर त्यांचे विनोद चालायचे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की एवढी वर्षं हे काम करून त्यांना काय मिळालं. ते म्हणाले, "चित्रपट चांगला झाला तर तो दिग्दर्शकाचा. वाईट झाला तर नटांचा. कोणाला इजा झाली तर ती माझी."

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत गावातली प्रत्येक होडी पाण्यात होती. निवृत्तीची बायको भागीरथी किनाऱ्यावर उभी होती. रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक होडीत नजर टाकायची आणि पुन्हा पाण्याकडे बघायची. तिच्या दोन मुली तिच्या लुगड्याला धरून होत्या. सकाळी बापाची खोटी दाढी बघून त्या हसून लोळल्या होत्या, ते मी पाहिलं होतं. तिचा धाकटा भाऊ सदा तारी एकटाच एका होडीतून परत परत गलबताजवळ जाऊन बुडी मारत होता. त्याचे ओठ काळेनिळे पडले तरी तो थांबेना. शेवटी दोघांनी त्याला धरून वर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोबियास हाझेंच्या खोलीत आला. तो वाईट माणूस नव्हता. रात्रभर झोपला नव्हता, डोळे सुजले होते. पण गलबत अजून तरंगत होतं, संध्याकाळपर्यंत बुडणार होतं, आणि बुडतानाचा शॉट राहिला होता. म्युनिकहून निर्मात्याचा फोनही पोस्टात येऊन गेला होता. काम थांबवू नका, असं त्याचं म्हणणं. पोलिसांना काय सांगायचं तेही निर्मात्यानेच सुचवलं होतं, की त्या माणसाने दारू घेतली होती, किंवा त्याला पोहता येत नव्हतं.

"तो कोळी होता, टोबियास," हाझे म्हणाले.

"मला माहीत आहे."

"मग असलं काही माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. आज कॅमेरा बाहेर निघणार नाही. सगळ्यांना किनाऱ्यावर पाठव. दिवेवाले, रंगभूषावाले, नट, सगळे."

टोबियासने विचारलं, किनाऱ्यावर काय करायचं.

"जाळं ओढायचं," हाझे म्हणाले.

गावाने रापण लावायचं ठरवलं होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल पाण्यात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून सगळं गाव ते वाळूवर ओढून आणतं. एरवी त्यात हसणं-ओरडणं असतं, पोरं मध्ये मध्ये नाचतात. त्या दिवशी कोणी तोंडातून आवाज काढत नव्हतं. दोराला एकामागे एक गावातली बायामाणसं आणि त्यांच्यामध्ये हे गोरे लोक, उन्हाने लाल झालेले, तळवे सोललेले. हाझे सगळ्यांत पुढे, कमरेपर्यंत पाण्यात. वय साठीला टेकलेलं. मागचा म्हातारा त्यांना दोनदा म्हणाला की साहेब, तुम्ही बसा. मी ते जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

पहिल्या खेपेला जाळ्यात मासळी आली. खूप आली. बांगडे वाळूवर तडफडत पडले आणि कोणी एक उचलला नाही. भागीरथी पुढे झाली, तिने पायाने मासे बाजूला सारून खाली पाहिलं, आणि मागे फिरली. ते मला अजून स्वप्नात दिसतं.

जाळं पुन्हा होडीत भरेपर्यंत थोडा वेळ होता. मी ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीला बसले होते. तिथे सदा आला. उभा राहिला, बसला, परत उभा राहिला.

"बाय, माका साहेबाक काय तरी सांगूचा आसा," तो म्हणाला. "तुमी सांगशात?"

मी हाझेंना बोलावलं. ते ओल्या कपड्यांनीच आले आणि वाळूवर त्याच्यासमोर बसले.

काय झालं होतं ते समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. गलबताच्या डोलकाठीवर एक मोठं आडवं लाकूड दोराने बांधून टांगलेलं होतं. सगळे खलाशी उड्या मारून गेले की ते रिकाम्या डेकवर कोसळायचं, असा बेत होता. तो दोर शेजारच्या होडीतून सोडायचा होता. हे काम करणारा कसबी माणूस कंपनीने स्पेनहून आणला होता, पण तो पोट बिघडून पणजीच्या दवाखान्यात पडला होता. त्याच्याऐवजी दोर सदाच्या हातात दिला होता. सदा गाठींमध्ये तयार होता, ताकदीचा होता. हाझेंनी लाल निशाण हलवलं की त्याने दोर सोडायचा. निशाण हाझेंनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नव्हतं.

सदा खाली मान घालून सांगत गेला आणि मी वाक्यामागून वाक्य जर्मनमध्ये केलं. सगळ्यांचे झगे सारखे, दाढ्या सारख्या. एकाने शेवटची उडी मारली ती त्याने पाहिली आणि त्याला वाटलं तो निवृत्तीच. निवृत्ती ठरल्याप्रमाणे सगळ्यांत शेवटी उडी मारणार होता. हातातल्या दोराला ओढ फार बसत होती, धूर डोळ्यांत जात होता. त्याने निशाणाकडे पाहिलंच नाही. दोर सोडला. लाकूड खाली जाताना धुरात त्याला कोणीतरी उभं दिसलं.

"माजो भावोजी होतो," सदा म्हणाला. "मी मारलंय तेका."

 हाझेंनी विचारलं की हे आणखी कोणाला माहीत आहे का. सदा म्हणाला, कोणाला नाही. आईबाप आहेत का? नाहीत. बहिणीच्या घरी दुसरं कोण कमावणारं? कोणी नाही. म्हातारी सासू आणि दोन मुली.

"त्याला सांगा," हाझे मला म्हणाले, "त्याने निशाण बघून दोर सोडला. निशाण मी हलवलं. वेळेआधी हलवलं."

मी म्हटलं, "पण तुम्ही हलवलं नव्हतं. मी तुमच्या शेजारीच होते."

"तुम्ही गलबताकडे बघत होतात. सगळेच गलबताकडे बघत होते. निशाण धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही."

"हे खोटं आहे, हेर हाझे."

"फ्राउ दामले, स्पॅनिश माणूस बरा होऊन यायला चार दिवस लागणार होते. डॉक्टरने तसं सांगितलं होतं. मी थांबायचं ठरवलं असतं तर थांबता आलं असतं. मी आयुष्यात कधी कुठला चित्रपट चार दिवस थांबवलेला नाही, ह्याचा मला अभिमान होता. तो दोर त्याच्या हातात कोणी दिला? आता मी बोललो ते त्याला सांगा. जसंच्या तसं."

मी सांगितलं. सदा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तसा नाय, बाय. तेंका परत सांग, तसा नाय," तो म्हणाला. हाझेंना ते न सांगताच कळलं. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू, शाळेत मुलांना म्हणतात तसं. मी पुन्हा मराठीत केलं. तेव्हा सदा वाळूत आडवा झाला आणि त्याने तोंडात स्वतःचा हात कोंबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. किनाऱ्यावरून हाक आली. जाळं पाण्यात गेलं होतं.

ह्या खेपेला निवृत्ती सापडला.

दोराला लागलेल्या माणसांना आधी वजनावरून कळलं. कोणीतरी म्हणालं, "सावकाश." मग सगळे सावकाश ओढू लागले, कोणाला दुखू नये असं. हाझे पाण्यात पुढे गेले आणि दोघातिघांबरोबर त्याला हातांवर घेऊन बाहेर आले. कपाळ फुटलेलं होतं. खोटी दाढी एका गालाला अजून चिकटून होती आणि दुसऱ्या बाजूने लोंबत होती. भागीरथी वरच्या अंगाला होती, बायका तिला धरून आणत होत्या.

हाझेंनी माझ्याकडे तेल मागितलं. मला आधी कळेना. ते ओरडले, त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. कोणाच्या तरी घरून खोबरेल आणलं. त्यांनी वाळूत बसून, बोटांनी तेल चोळून, तो डिंक हळूहळू सोडवला. सगळी दाढी काढली, चेहरा ओल्या रुमालाने पुसला, मग उठून बाजूला झाले. भागीरथी आली तेव्हा तिला आपल्या नवऱ्याचा चेहरा दिसला.

दुपारी तालुक्याहून फौजदार आले. साळगावकर त्यांचं नाव, समजूतदार माणूस. शाळेच्या पडवीत टेबल टाकलं. मुंबईहून कंपनीचा वकील निघाला होता. तो येईपर्यंत काही बोलू नका, असं टोबियासने हाझेंना बजावलं होतं. हाझे म्हणाले, वकील येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

अंगणात सगळं गाव उभं होतं. सदा खांबाला टेकून बसला होता, दोन माणसं त्याच्याजवळ होती. शोकाने तो असा झालाय, असंच सगळ्यांना वाटत होतं. हाझे बोलायला लागले आणि मी उभी राहून त्यांचं बोलणं मराठीत करत गेले. सुरक्षेची जबाबदारी माझी होती. निशाण माझ्या हातात होतं. डेक रिकामं झाल्याची खात्री न करता मी ते हलवलं. दोर सोडणाऱ्याने मी सांगितलं तेच केलं, त्याचा काही दोष नाही. फौजदारांनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

"ह्यांना विचारा, ह्याचे परिणाम ह्यांना ठाऊक आहेत का."

मी विचारलं. हाझे म्हणाले, "ठाऊक आहेत."

फौजदारांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सदाकडे मान वळवली. "तू रे. तू निशाण बघितलंस?"

सदाने तोंड उघडलं. मला आत कुठेतरी ठाऊक होतं की तो आता खरं बोलणार. हाझेंनाही समजलं असावं, कारण त्यांनी सदाकडे नाही, भागीरथीकडे पाहिलं. ती गर्दीत पुढेच होती. ती पडवीच्या पायऱ्या चढून सरळ आली आणि तिने हाझेंच्या तोंडात मारली. एकदा, दोनदा. मग छातीवर दोन्ही मुठींनी मारत राहिली.

"मेल्या, तुझ्या फडक्यान माझो घोव खाल्लो," ती ओरडत होती. "तुझ्या फडक्यान! माझ्या पोरींचो बापूस दी माका."

हाझेंनी हात वर केला नाही. बायकांनी तिला ओढून नेलं. अंगणात लोक खवळले, दगड आले, शिपायांनी हाझेंना आत घेतलं. सदाला कोणी पुन्हा काही विचारलं नाही. फौजदारांनी जबाब पुरा केला. खाली हाझेंनी सही केली आणि भाषांतर बरोबर असल्याची मी केली.

पुढचं थोडक्यात सांगते. कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडला. वकिलाने जबाब फिरवायला सांगितलं, त्यांनी फिरवला नाही. कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली, काही महिने तुरुंगात काढले. मी दोनदा भेटायला गेले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं की सदा होडी घेऊन जातो का. मी सांगितलं, जातो. दुसऱ्यांदा ते बारीक झाले होते, खोकत होते. चित्रपट दुसऱ्याच कोणी पुरा केला. तो मी कधी पाहिला नाही. जर्मनीला परतल्यावर त्यांना ह्या धंद्यात कोणी उभं केलं नाही. ल्यूबेकला एका बस कंपनीत गाड्यांच्या वेळा लावायचं काम ते करत होते, आणि नाताळात मला एक कार्ड यायचं, त्यावर फक्त सही. मग एका वर्षी त्यांच्या पुतणीने कळवलं की ते गेले.

त्यानंतर कधीतरी माझं त्या बाजूला जाणं झालं. त्या अपघाताला सोळा-सतरा वर्षं उलटली होती. भागीरथीचं घर आता चिऱ्यांचं होतं. मुली लग्न होऊन गेल्या होत्या. सदा समुद्रावर गेला होता, त्याची बायको मागे मासळी साफ करत होती. भागीरथीने मला ओळखलं, ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

मी येताना मनाशी ठरवलं होतं की हिला सांगायचं नाही. तिघांनाच ठाऊक असलेली गोष्ट, त्यातला एक गेला. भावाच्या आधारावर ही जगली, तिला आता ते कशाला सांगा. तरी हाझेंना मारताना तिचा झालेला चेहरा माझ्यासमोर होता, आणि तो माणूस तिच्या शिव्या घेऊन मेला हे मला सोसत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "वहिनी, हासे साहेब वाईट माणूस नव्हते."

ती म्हणाली, "माका सांगतंस?"

मग तिने आत पाहिलं, सदाच्या बायकोला ऐकू जाणार नाही असं बघितलं.

"सदान माका त्याच रातीक सांगलेला. पाण्यातसून तेका वर काढल्यानी ना, तेवाच. माझ्या पायार पडलो. मी काय करतलंय? घोव गेलेलो. घरात एकच बापयो उरलेलो, सदा."

 म्हणजे कोणाला माहीत नाही असं सदा आम्हाला खोटंच म्हणाला होता, आणि जाळं ओढताना तिला ठाऊक होतं. हाझे पडवीत उभे राहून सांगत होते तेव्हाही.

"तो गोरो तुझ्याकडसून कायबाय सांगी होतो," ती म्हणाली. "आणि माका समाजला, हो आमच्या सदाक वाचयता. कित्याक, ता माका म्हायत नाय. मगे फौजदारान सदाक इचारल्यान. सदा बोलान मोकळो झालो असतो. तेवा त्या गोऱ्यान माझ्याकडे बघल्यान. असो बघल्यान, की आता तू कर काय तरी." ती थांबली. "म्हणान मी मारलंय तेका. जोरात मारलंय. खोटा वाटता नये ना."

इतकी वर्षं मी समजत होते की त्या दोघांमध्ये भाषा फक्त माझी होती.

मग तिने विचारलं, "आता खंय आसता तो?"

मी सांगितलं की ते वारले. कधी, विचारलं तिने. गेल्या वर्षी, मी म्हटलं.

ती उठली. मला वाटलं आत जाईल, चहा ठेवेल. ती अंगणातून विहिरीवर गेली. कळशी सोडली, भरून वर काढली, आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतून घेतली. दुसरी काढली, तीही ओतली. आपल्याकडे नात्यातलं माणूस गेल्याची बातमी उशिरा आली, तरी ऐकल्याबरोबर अशी अंघोळ करतात. परक्यासाठी कोणी करत नाही. सदाची बायको दारात येऊन, कोण गेलं म्हणून विचारत होती.

 केसांतून पाणी निथळत असताना भागीरथीने आणखी एक कळशी भरली, विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि मला हाताने जवळ बोलावलं.